नांदेड ते लातूर : पाठांतर हवे आणि ‘कामून?’ही हवे

जून महिना लागला की नांदेडच्या बसस्थानकावर एक वेगळीच गर्दी दिसू लागते. पत्र्याची पेटी, सुतळीने बांधलेली गादी, प्लॅस्टिकची बादली, फडक्यात बांधलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, आणि शेजारी दहावी पास झालेले लेकरू. ही गर्दी लग्नाची नाही, यात्रेचीही नाही. ही लातूरला शिकायला निघालेल्या मुलामुलींची गर्दी आहे.

गेल्या जूनमध्ये आम्हीही या गर्दीत होतो. आमच्या वस्तीतील एक मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला. वडील मोंढ्यात हमाली करतात. हंगामाच्या दिवसांत रोजी बुडवून लातूरला जाणे त्यांना शक्य नव्हते. “तुम्ही कचेरीतले माणूस, चार कागद तुम्हाला कळतात, तुम्हीच सोबत जा,” असे ते म्हणाले. म्हणून आम्ही चार दिवसांची रजा टाकून निघालो. त्या चार दिवसांत जे पाहिले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते, कारण हा प्रश्न एकट्या त्या मुलाचा नाही. आपल्या लेकरांनी पाठ करावे की विचार करावा, हा तो प्रश्न.

नांदेडही आता शिकवण्यांचे शहर झाले आहे. हिंगोली, परभणी, यवतमाळकडची मुले इथे खोल्या करून राहतात. परंतु या शहराची ओळख त्याआधी दुसरीही होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने 1950 साली इथे पीपल्स कॉलेज निघाले. या कॉलेजात नरहर कुरुंदकर शिकवीत आणि पुढे तिथेच ते प्राचार्य झाले. इंटरच्या परीक्षेत नापास झालेला हा माणूस. पण मनुस्मृतीपासून संगीतापर्यंत कोणताही विषय असो, ते मुळाशी जाऊन प्रश्न विचारीत. 1982 साली पन्नाशी गाठण्यापूर्वीच ते गेले, पण त्यांची व्याख्याने ऐकलेली माणसे अजूनही त्यांच्याविषयी बोलताना थकत नाहीत. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. कुरुंदकर परीक्षेत नापास झाले, वाचनात नापास झाले नाहीत. त्यांची स्मरणशक्ती दांडगी होती. संदर्भ, सन, नावे तोंडावर असत, म्हणून त्यांच्या प्रश्नाला वजन होते. नुसते प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात, त्यांना कोणी उभे करीत नाही.

गाडी लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाते. लोह्याला एक गृहस्थ मुलीला घेऊन चढले. हात सिमेंटने फाटलेले, गवंडीकाम करणारे होते. ओळख झाली, जयभीम झाला. मुलगी अकरावी सायन्सला निघाली होती. आम्ही सहज म्हणालो, “हल्ली नुसतं घोकून भागत नाही म्हणतात, समजून घ्यावं लागतं.”

ते हसले. म्हणाले, “दादा, तुमचं खरं हाय. पण पाठ केल्याबिगर मार्क कुठं पडतेत? सावकाराच्या लेकराला पाठ नाही झालं तर त्याला दुकान हाय. माझ्या पोरीला पाठ नाही झालं तर तिला विळा हाय.”

आम्ही गप्प झालो, कारण त्यात खोटे काही नव्हते. ज्यांच्या घरी दोन पिढ्यांपासून पुस्तके आहेत, त्यांनी घोकंपट्टीला नावे ठेवणे सोपे असते. त्यांच्या मुलांना इंग्रजी शब्द, दाखले, चर्चा जेवताना आपोआप मिळते. आपल्या घरात ते मिळत नाही. आपल्या मुलाजवळ असते ते पाठ्यपुस्तक आणि त्याची स्वतःची आठवण. तीही काढून घेतली तर उरते काय?

तेवढ्यात ती मुलगी खिडकीबाहेर पाहतच बोलली. “बाबा, मी सरांना विचारलं होतं, पृथ्वी फिरते तर आपण पडत कामून नाही? सर म्हणले, हे परीक्षेला येत नाही, खाली बस.” बाप काही बोलला नाही. आम्हाला मात्र बापाचे आणि लेकीचे, दोघांचेही बोलणे मनात राहिले. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

लातूर शहराच्या मध्यावर गंजगोलाई आहे. सोळा रस्ते येऊन मिळतात अशी ही गोल बाजारपेठ. पण आता बाहेरगावचा पालक आधी गंजगोलाई विचारत नाही, ‘ट्यूशन एरिया’ विचारतो. रिक्षावाल्याला पुढचे काही सांगावे लागत नाही. भिंतीभिंतीवर गुणवंत मुलांची छायाचित्रे आणि गुणांचे आकडे, खाली मेस, झेरॉक्स, वह्यांची दुकाने, खोली भाड्याने देण्याच्या पाट्या. 1993 च्या भूकंपाने हादरलेला आणि 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणून प्यायलेला हा जिल्हा. आज या शहराचा मोठा संसार शिकणाऱ्या मुलांवर चालतो.

‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. 1961 चे दयानंद महाविद्यालय आणि 1970 चे राजर्षी शाहू महाविद्यालय ही त्यातली महत्त्वाची नावे. शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या साहित्यावर त्यांनी मराठीत लिहिले आणि 1994 साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूही तेच झाले. मागास म्हणून हिणवलेल्या मराठवाड्यातील मुले बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या मुलांच्या बरोबरीने झळकू लागली, तेव्हा या पॅटर्नचा गाजावाजा झाला. ही काही लहान गोष्ट नव्हती. इथल्या मुलांना बुद्धी कमी असते, हा समज त्या यादीने मोडून काढला.

हा पॅटर्न म्हणजे नेमके काय? अभ्यासक्रम लवकर संपवायचा. मग मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढून पुन्हा पुन्हा पेपर लिहून घ्यायचे. तपासलेला पेपर मुलाच्या हातात द्यायचा आणि गुण कुठे गेले, का गेले, ते समजावून सांगायचे. आमच्या मते या शेवटच्या कामात या पॅटर्नचा जीव होता. चूक का झाली हे ज्याला कळते, तो नुसते पाठ करीत नाही, तो विचारही करतो. पण पॅटर्नची नक्कल जिथे जिथे झाली, तिथे पेपरांची संख्या उचलली गेली, चुकीची चर्चा मागे राहिली. शंभर मुलांच्या वर्गात ती चर्चा परवडत नाही.

पुढे बोर्डाने गुणवत्ता यादी बंद केली. वैद्यकीय प्रवेशासाठी 2013 साली पहिल्यांदा नीट झाली आणि 2016 पासून देशभर तीच मुख्य परीक्षा ठरली. 180 प्रश्न, 720 गुण, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकले तर 1 वजा. इथे निबंधासारखे उत्तर लिहायचे नसते, माहिती वापरून पर्याय निवडायचा असतो. ज्याला माहितीच नाही तो पहिल्या ओळीत अडतो. ज्याला माहिती आहे पण ती फिरवून वापरता येत नाही, तो दुसऱ्या ओळीत अडतो. आणि गुण हेच सर्वस्व झाले की काय होते, तेही याच शहराने पाहिले. 2024 च्या नीटच्या गैरप्रकारात लातूरमध्ये शिक्षकांवरच गुन्हा दाखल झाला, आणि तपास पुढे सीबीआयकडे गेला. आरोपांचा निकाल न्यायालय करील. परंतु उत्तर विकत मिळते अशी हवा जिथे तयार होते, तिथे मुलाला ‘का’ विचारण्याची गरजच उरत नाही.

आमच्या सोबतच्या मुलाची सोय तूर्त त्याच्या मावशीकडे होती. शासकीय वसतिगृहाचा अर्ज भरायचा होता. तिथे जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून ती सुरू आहे. भोजन, निवास आणि इतर खर्चासाठी मुलाच्या खात्यात रक्कम येते. आपल्या अनेक पालकांना तिचा पत्ता नसतो, म्हणून इथे मुद्दाम सांगितले.

संध्याकाळी मावशींच्या दारात कडुनिंबाखाली बसलो होतो. मुलगा वही घेऊन बसला होता. आम्ही म्हणालो, “काहीतरी म्हणून दाखव.” त्याने प्रकाशसंश्लेषण सांगितले. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, सूर्यप्रकाश आणि हरितद्रव्य, त्यातून ग्लुकोज आणि ऑक्सिजन. एका दमात, एकही चूक नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे. हिशेबाच्या सवयीने विचारले, “मग हा निंब एवढा मोठा झाला. हे एवढं लाकूड आलं कुठून?”

“मातीतून, काका.”

“मग बुंध्याशी खड्डा कामून पडला नाही?”

मुलगा थांबला. झाडाकडे पाहिले, मातीकडे पाहिले, मग वहीकडे. मावशी भाकरी थापता थापता थांबल्या. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, “कार्बन डायऑक्साइड तर हवेत असतो. म्हणजे काका, लाकूड जास्त करून हवेतून आणि पाण्यातून येतं?” सूत्र त्याला दोन वर्षांपासून पाठ होते. त्या सूत्रात काय लिहिले आहे, हे त्याला त्या दिवशी दिसले.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. वाचनालयात त्याने एक गोष्ट शोधली होती. सतराव्या शतकात युरोपात व्हॅन हेल्मॉन्ट नावाच्या वैद्याने हाच प्रश्न विचारला होता. त्याने सुमारे 90 किलो कोरडी माती कुंडीत भरली, त्यात वाळुंजाचे लहान रोप लावले आणि पाच वर्षे नुसते पाणी घातले. झाड जवळजवळ 77 किलोंचे झाले, माती मात्र 60 ग्रॅमही कमी झाली नाही. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचेच बनते. “काका, त्याचा प्रश्न बरोबर होता, पण उत्तर अर्धंच निघालं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं झाड काय करतं, हे तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं,” मुलगा म्हणाला.

यापेक्षा चांगला दाखला आम्हाला देता आला नसता. आपल्या मुलाजवळ माहिती होती, प्रश्न नव्हता. त्या वैद्याजवळ प्रश्न होता, माहिती नव्हती. दोघेही अर्ध्या वाटेवर अडकले होते.

लातूरहून एक दिवस काढून आम्ही औसा, लामजनामार्गे किल्लारीला जाऊन आलो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, इथे भूकंप झाला. आठ ते दहा हजार माणसे गेली, 52 गावे नव्याने वसवावी लागली. जुन्या गावाच्या जागी स्मृतिस्तंभ आहे. तिथे उभे राहिले की बोलणे सुचत नाही.

आमच्या पिढीने शाळेत एक वाक्य पाठ केले होते. दख्खनचे पठार कठीण आणि स्थिर आहे, तिथे भूकंपाचे भय नाही. ते वाक्य मास्तरांनी मनाने रचलेले नव्हते. देशाच्या भूकंप नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पण 1992 सालापासून किल्लारीच्या परिसरात छोटे धक्के बसत होते. जमिनीतून आवाज येतात, भांडी हलतात, हे लोक सांगत होते. पाठ केलेले वाक्य एकीकडे आणि पायाखालची जमीन दुसरीकडे अशी ती स्थिती होती. घरे होती दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीच्या धाब्याचे ओझे. माणसे झोपेत त्याखाली गाडली गेली.

पुढे नकाशा बदलला. 2002 च्या सुधारणेत सर्वांत कमी धोक्याचा तो पहिला पट्टाच काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. म्हणजे पुस्तकातील माहितीही कायमची नसते. ती त्या वेळेपर्यंतच्या अनुभवाचा हिशेब असते. नवा अनुभव आला की हिशेब पुन्हा तपासावा लागतो. आणि तो तपासला कोणी? ज्यांना खडकांची, धक्क्यांची, मोजमापांची माहिती पाठ होती त्यांनीच.

आमच्या धंद्यातला एक दाखला सांगतो. हिशेबात तेरीज पत्रक असते. नावेची आणि जमेची बेरीज जुळली की शिकाऊ कारकून खूश होतो. पण जुना लेखापाल सांगतो की, तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे नाही. एखादी नोंद दोन्हीकडे राहून गेली असेल, एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली गेली असेल, तरी बेरीज जुळतेच. म्हणून पावती काढून विचारावे लागते, ही रक्कम कशाची? मात्र ज्याने नोंदीच ठेवल्या नाहीत, तो तपासणार काय? मुलाची गुणपत्रिका म्हणजे अशीच तेरीज आहे. ती जुळलीच पाहिजे, पण तेवढ्यावर थांबून चालत नाही.

आपल्या परंपरेत तर या दोन गोष्टी कधीच वेगळ्या नव्हत्या. तथागतांचा उपदेश काही शतके भिक्खूंनी मुखोद्गत करून जपला आणि मग तो सिंहलद्वीपात लिहून ठेवला गेला. पाठांतर नसते तर आपल्या हाती काही आले नसते. आणि त्या मुखोद्गत केलेल्या उपदेशातच कालाम लोकांना सांगितलेली गोष्ट आहे की, परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून मानू नका, स्वतः पारखून घ्या. पारखून घ्या हे सांगणारे वचनही कोणीतरी पाठ करून ठेवले, म्हणून ते आज आपल्याला ठाऊक आहे.

बाबासाहेबांनी 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढले. पुढे त्याला मिलिंदाचे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन उत्तर देणारा भिक्खू. मराठवाड्यातील आपल्या पहिल्या पदवीधरांपैकी कितीतरी जण त्या प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाखाली शिकले. बाबासाहेबांचा 1923 चा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ आमच्यासारख्या वाणिज्यवाल्याने उघडला तर पानोपानी विनिमयाचे दर, नाण्यांचे आकडे, कायद्यांच्या तारखा दिसतात. आणि त्याच आकड्यांच्या आधाराने ते केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाशी वाद घालतात. आकडे तोंडपाठ नसते तर त्यांचा प्रश्न कोणी ऐकला नसता. प्रश्न नसता तर ते आकडे कारकुनाच्या वहीत पडून राहिले असते.

मग आपण, मोंढ्यात, बांधकामावर, कचेरीत राबणाऱ्या आईबापांनी काय करायचे? आपल्याला विज्ञान येत नाही, इंग्रजी येत नाही, म्हणून आपण मुलाच्या अभ्यासापासून दूर बसतो. वास्तविक प्रश्न विचारायला उत्तर येण्याची गरज नसते. मुलाला आधी धडा पाठ करू द्या, त्यात सूट देऊ नका. पाढे, सूत्रे, सनावळ्या, शब्दांचे अर्थ तोंडावर हवेतच. मग रात्री जेवताना त्यातली एकच गोष्ट आपल्याला समजावून सांगायला लावा. जिथे आपल्याला कळत नाही तिथे विचारा, “कामून?” दहापैकी आठ वेळा मुलगा अडेल. अडला तर रागावू नका. उद्या शाळेत विचारून ये म्हणा. मास्तरांनी बसवले तर वाचनालयात पाठवा. मुलीलाही तेवढेच विचारा, कारण गप्प बस हे तिला आपण घरापासूनच शिकवतो.

विहारात रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास मुलांसाठी ठेवता येईल. त्या आठवड्यात पाठ केलेली एक गोष्ट एका मुलाने सांगावी आणि बाकीच्यांनी त्यावर तीन प्रश्न विचारावेत. खर्च काहीच नाही. ज्या वस्तीत शिकलेला एखादा कारकून, शिक्षक, नर्सताई आहे, त्यांनी त्या अर्ध्या तासाला हजर राहावे. आम्ही नांदेडला परतल्यावर आमच्या वस्तीत हे सुरू केले आहे. पहिल्या रविवारी सात मुले आली, चौथ्या रविवारी एकोणीस. परवा एका चौथीतल्या मुलीने विचारले की, दुधाचे दही होते, मग दह्याचे दूध कामून होत नाही. बसलेल्या मोठ्यांपैकी कोणालाच नीट सांगता आले नाही. येत्या रविवारी बारावीतला एक मुलगा त्याचे उत्तर शोधून आणणार आहे.